मालकांचं मनगट

रक्त सगळ्यांचं सारखंच असतं. हे वाक्य आमचे सर प्रत्येक भाषणात म्हणत आणि टाळ्या घेत. वैद्यकीयदृष्ट्या ते चूक आहे. सारखं असतं, तर ते तपासायचे पैसे आम्ही कशाचे घेत होतो?

नागपूरच्या धंतोलीतला सरांचा खाजगी दवाखाना. कूलर घरघरत होता. पलंगावर सावनेरकडचे एक जुने मालगुजार. गावात आणि घरातही सगळे त्यांना मालक म्हणत. जन्मभर विड्या ओढून फुप्फुसांची चाळण झालेली. आणलं तेव्हा ते बेशुद्ध होते. आता शुद्धीवर होते, नाकात ऑक्सिजनची नळी. मी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली. धमनीतलं रक्त काढायचं तर आधी नाडी नीट सापडावी लागते.

ते माझ्याकडे बघत होते.

"कोन्या मोहल्ल्यातली वं तू, पोरी?"

नागपुरात हुशार माणसं आडनाव विचारत नाहीत. जात कळायला मोहल्ला पुरतो.

"इंदोरा," मी म्हणाले.

त्यांनी हात ओढून घेतला. मनगट चादरीला पुसलं. मग उलटं करून दुसऱ्या बाजूनंही पुसलं.

"मोठ्या डाक्टरले बलाव."

मी एम. डी. होते. याहून मोठं कसं व्हायचं ते मला माहीत नव्हतं.

खरं सांगते, मला राग आला नाही. पुसणारी माणसं शाळेपासून पाहिली होती. आणि मला खात्री होती, सर आहेत.

सर आमच्या घरी येऊन गेले होते. मी सरकारी नोकरीच्या तयारीत असताना ते इंदोऱ्याच्या गल्लीत स्कूटर लावून आले. माझे बाबा मिलमध्ये कामगार. सरांनी बाजेवर बसून चहा घेतला. सगळा मोहल्ला दारात उभा. "पोरगी माझ्याकडे द्या," म्हणाले, "हिचं नाव दवाखान्याच्या पाटीवर लावीन." बाबा हात जोडून म्हणाले, "तुमच्या हवाली केली, सर." तो चहा सर पुढे प्रत्येक भाषणात पीत राहिले. पाटी रंगवायला दिली आहे, असं मला सांगत.

रक्तातल्या वायूंचं मशीन तेव्हा शहरात नवलाईचं होतं. काचेच्या सिरिंजमध्ये धमनी लागली की दांडा आपोआप मागे सरकतो, तांबडंभडक रक्त वर चढतं. मग ते बर्फात ठेवून पळायचं. बर्फ समोरच्या रसवंतीतून यायचा. मशीन आकडे देई. आकड्यांचा अर्थ मी लावत असे. आधी पीएच, मग कार्बन डायऑक्साइड, मग बायकार्बोनेट. बिघडवलं कोणी आणि सांभाळून कोण घेतंय, हे ओळखायचं. जुन्या आजारात फुप्फुस वर्षानुवर्षं बिघडवत राहतं आणि मूत्रपिंड निमूट सांभाळत राहतं. पीएच जवळजवळ नॉर्मल दिसतो. सर शिकवत, "त्या नॉर्मलला फसू नकोस." बिलात मात्र सगळं सुटं होतं. रक्त काढण्याचे पैसे, मशीनचे पैसे, अर्थ लावण्याचे वेगळे. समोर त्या त्या डॉक्टरचं नाव.

मी सरांना मनगटाचं सांगितलं. "म्हातारा आहे," ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. मी बोलतो." आणि ते खोलीत गेले. मी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. आतून सरांच्या हसण्याचा आवाज आला. मला बरं वाटलं. आता ते सांगत असतील, असं वाटलं.

दुपारी काउंटरवर मालकांचा मुलगा बिल बघत उभा होता. क्लार्क त्याला एकेक ओळ वाचून दाखवत होता.

"धमनीतून रक्त काढणे, भाचेसाहेब. अर्थ लावणे, भाचेसाहेब."

भाचेसाहेब म्हणजे सरांचा भाचा, आमच्याकडचाच दुसरा डॉक्टर. माणूस वाईट नव्हता. तो चार दिवसांपासून लग्नाला अमरावतीला गेला होता.

मुलगा हसला. "म्या बाबाले तेच म्हनलं. उगाच शंका घेऊन राहिले तुमी. बेहोशीत त्या बाईचा हात लागलाच नाई." मग वळून त्यानं मला पाहिलं. ओळखलं. बिल घडी करून खिशात घातलं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"कागद आहे गं तो," सर म्हणाले. "रक्त तर तूच काढलंस ना? ते कोण नाकारतंय?"

"बिल."

"हे बघ. तत्त्व वेगळं, दवाखाना वेगळा. म्हातारा निघून गेला तर रस्त्यात मरेल. तेवढ्यासाठी नाव बदललं. आता संध्याकाळचा नमुना हवाय. माझे हात थरथरतात, तुला माहीत आहे. सिस्टरला झोपेचं इंजेक्शन द्यायला सांगतो. झोपले की काढून घे. त्यांनाही त्रास नाही, तुलाही नाही."

ज्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो त्याला झोपवायचं नसतं. झोपेत श्वास मंदावतो, वायू आणखी साठतो, माणूस उठतच नाही. हा धडा मला सरांनीच दिला होता. परीक्षेत हे चुकणाऱ्याला ते नापास करत. आणि आता एका मनगटाला माझी बोटं लागलेली कळू नयेत म्हणून ते अशाच पेशंटला झोपवायला निघाले होते.

"जागेपणी काढीन," मी म्हणाले. "नाव सांगून काढीन. नाहीतर काढणार नाही."

"पेशंटच्या जिवापेक्षा तुझं नाव मोठं झालं?"

"सर, झोपेचं इंजेक्शन मी देत नाहीये."

त्यांनी दारातून सिस्टरला इंजेक्शन भरायला सांगितलं.

मी खोलीत गेले. सिस्टर इंजेक्शन भरत होती. तिच्या हातून ट्रे घेतला, बाजूला ठेवला. मालकांसमोर उभी राहिले. माझं नाव सांगितलं. मोहल्ला पुन्हा सांगितला. "तुम्ही बेशुद्ध होता तेव्हा रक्त मीच काढलं. दर वेळी मीच. बिलावर दुसरं नाव आहे, ते खोटं आहे. आता पुन्हा काढायचं आहे. हात देता का?"

मुलगा उठला. "ओ बाई, काहून बोलून राहिल्या तुमी हे?"

मालकांनी त्याला हातानंच थांबवलं. धाप लागली होती. बराच विचार करून ते बोलले.

"बेहोशीतला इटाळ लागत नाई. आता मी होशात हाओ."

आणि हात चादरीखाली घेतला.

माणसानं शास्त्र किती बारीक वाचावं! त्याचा हात, त्याची मर्जी. ती मला मान्य होती. झोपवून चोरलेलं मनगट मान्य नव्हतं. केसपेपरवर लिहिलं, पेशंटनं नकार दिला. झोपेचं औषध देऊ नये. का देऊ नये, तेही लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नावाची. सरांना ती खोडता आली नाही. रक्त त्यांनी स्वतः काढलं, थरथरत्या हातानं, दोन्ही मनगटं निळी करून. मी ऍप्रन खुंटीला टांगला आणि घरी गेले.

बाबांनी सगळं ऐकलं. विचारलं एवढंच, "पेशंट जिता हाय ना वं?"

"आहे."

"मंग ठीक हाय. जेव."

त्यानंतर मी सरकारी दवाखान्यात गेले आणि तिथेच राहिले. माझं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिलं नाही. कोणाच्या सोयीसाठी अदृश्य झाले नाही. धमनीला सुई लावण्याआधी प्रत्येक शुद्धीवरच्या पेशंटला मी माझं पूर्ण नाव सांगते, मोहल्ला सांगते, आणि थांबते. उत्तर येईपर्यंत थांबते. हे मी मरेपर्यंत करणार आहे.

बहुतेक जण फक्त विचारतात, दुखेल का.

दुखतं.