ज्याचं ताट त्यानं आणायचं

आर्वी डेपोत मी उतरलो, पण माझी सॅक उतरली नाही. ती सीटखाली आरामात पडून पुढच्या गावाला निघाली. मी बसमागं पळत सुटलो, तेव्हा कंडक्टरनं खिडकीतून सॅक बाहेर धरली आणि अगदी शांतपणे विचारलं, "इचं तिकीट तळेगावचं हाय का गा?"

तेव्हापासून दोन दिवस मी त्याच आवाजात बोलत होतो. बार्शीच्या माणसाला हा हेल फुकटात मिळाला, मग सोडतो कोण?

मला घ्यायला सोनाली आली होती. आमची ओळख कॉलेजच्या शिबिरातली. तिचं गाव रोहण्याच्या अलीकडं, छोटंसं. स्कूटीवरून जाताना दोन्ही बाजूंना पराटी (कपाशीची झाडं) फुटलेली, मधूनच तुरीच्या ओळी, आणि रस्त्यात एवढे खड्डे की माझं प्रत्येक वाक्य दोन हप्त्यांत बाहेर पडत होतं.

गावात सप्ताह चालू होता. शेवटच्या दिवशी सगळ्या गावाला महाप्रसाद. मागच्या वर्षीची थर्माकोलची ताटं नाल्यात गेली, गुरांनी चघळली, आणि सोनालीच्या शेजाऱ्यांची गाय पोट फुगून मेली. म्हणून तिच्या ग्रुपनं यंदा देवळाच्या मंडळींकडून कबूल करून घेतलं होतं की ताट ज्यानं त्यानं घरून आणायचं.

ग्रुपमधला प्रफुल्ल सगळ्यात कमी बोलायचा. तो नाल्यापलीकडच्या टोल्यावरचा (गावापासून वेगळी वस्ती), गोंड घरातला, शिकायला आर्वीच्या होस्टेलवर. टोल्यावरची माणसं गावच्या पंगतीला येत नसत. का, ते त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. पण यंदा सप्ताह बसायच्या आधीच घरोघरी जाऊन त्यानं त्यांना राजी केलं होतं. बाकीच्यांना स्वच्छ गाव पाहिजे होतं. प्रफुल्लला त्याची माणसं पंगतीत बसलेली बघायची होती.

आदल्या दिवशी आम्ही ऑटोला भोंगा बांधून गावभर फिरलो. "ताट घेऊन येजा, गिलास घेऊन येजा, बसाले जागा आम्ही देतो" असं मी कंडक्टरच्या आवाजात ओरडलो, तसे पोट्टे (पोरं) ऑटोमागं धावायला लागले. नाल्याशी मात्र ऑटो वळला. पुढं चाकं रुततात. टोल्यावर ताटाचं प्रफुल्ल सांगेल असं आम्ही धरून चाललो. आणि देवळामागं चुली मांडत बसलेल्या प्रफुल्लनं धरलं, की भोंगा तिकडं जाऊन आला असेल.

थोडी जास्तीची ताटं ठेवू या का, असं मी विचारलं होतं. सोनाली म्हणाली, दहा ठेवली तर शंभर जण हात हलवत येतील, आणि मग कसला नियम? मला ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवळापुढं बघण्यासारखं दृश्य होतं. जो तो काखेत ताट मारून येत होता. ताटांवर नावं कोरलेली, लग्नातली, बारशातली. माझ्याकडं ताट कुठलं? सोनालीच्या आईनं आपल्या सासऱ्यांचं दिलं, त्यामुळं मी नारायणराव म्हणून जेवायला बसलो. आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. भाजी अशी झणझणीत की नारायणरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेवढ्यात टोल्यावरची मंडळी आली. नवी लुगडी, धुतलेले शर्ट, पोरांच्या केसांना तेल. पुढं प्रफुल्लची मोठी माय (मोठी चुलती). प्रफुल्ल मागं चुलीपाशी भात उपसत होता. दारावरच्या ग्रुपमधल्या पोरानं नियमाप्रमाणं सांगितलं, "ताट कुठी हाय मावशी? ज्याचं ताट त्यानं आनाचं हाय. घरून घेऊन या."

मोठ्या मायनं त्याच्याकडं पाहिलं, मग पंगतीकडं. वळली. तिच्यामागं सगळे वळले, पोरंसुद्धा.

सोनालीला कळलं तेव्हा ते नाला उतरत होते. आम्ही घराघरांतून ताटं गोळा केली, डब्यात जेवण भरलं आणि टोल्यावर गेलो. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. जेवण मात्र घेतलं नाही. सयपाक झाला म्हणे. चूल तर नुकतीच पेटत होती.

सोनाली माफी मागायला लागली, तशी मोठ्या मायनं तिचा हात धरला.

"तुही चूक नाई वं पोरी. पन माह्या बापाले असंच सांगत. आपलं ताट आन, भिंतीच्या तिकून बस, धुवून घेऊन जा. मरेपर्यंत तो गावात जेवला नाई. त्या पोट्ट्यानं म्हनलं, अन् मले बापच दिसला."

प्रफुल्ल दारात उभा होता. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

परत आलो तेव्हा देवळापुढचं अंगण लख्ख होतं. नाल्यात एक चिटोरंही नाही. सरपंचांनी ग्रुपचे फोटो काढून घेतले. त्यात प्रफुल्ल नाही.

सकाळी तो मला बसवर सोडायला आला. सोनालीही होती. पुढच्या वर्षी ताटं आपणच ठेवू, पन्नास-साठ, सगळ्यांना सारखी, ती म्हणाली. त्यानं मान हलवली.

"ठेवजो. पन मी त्याइले आता कोन्या तोंडानं बलावू?" मग म्हणाला, "मागच्या साली बलावलं असतं तं जेवले असते वं. थर्माकोलमंधी, पन जेवले असते."

सोनालीनं सॅक माझ्या हातात दिली. बस आली, मी चढलो.

बार्शीत सगळ्यांनी विचारलं, कसं झालं? एकदम स्वच्छ, मी सांगितलं. ते खोटं नाही. गाव खरंच स्वच्छ झालंय, गुरं सुखात आहेत, आणि टोल्यावरची माणसं पुन्हा नाल्याच्या पलीकडं आहेत.