एक नौपाड्याची, एक कल्याणची

नौपाड्यातल्या ताईंनी मला तारून नेलं, हे आधी लिहून टाकते. काय झालं ते मग सांगते. मला कुठलीही गोष्ट सांगताना धास्ती असते, मधेच कुणी थांबवलं तर आभार मानायचे राहून जातील.

ताई म्हणजे ठाणे स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर असायच्या त्या. गिऱ्हाइकाने "हार्ड डिस्क दाखवा" म्हटलं की त्या आधी काचेवरचे खोके हाताने बाजूला सारायच्या, दोन्ही कोपरं टेकायच्या आणि म्हणायच्या, "काय हरवलं तर रडशील, ते सांग आधी." तुम्हीही अशी दुकानं पाहिली असतील. तिथे "बजेट काय?" हा पहिला प्रश्न असतो. ताईंचा तो शेवटचा.

मी डोंबिवलीत एका स्टुडिओत एडिटिंग करते. गाव किनवटकडे. शाळा नववीत सुटली. आधी इथे अल्बमची पानं चिकटवायला लागलेले, मग हळूहळू माउस हातात आला. आमच्याकडे जास्त काम लग्नाआधीच्या हळदीचं. इकडच्या गावांतली हळद तुम्ही पाहिली नसेल तर काय सांगू! बेंजो, ड्रोन, नाचणाऱ्या मावश्या, आणि सगळ्याचं शूटिंग. ते ठेवायचं कुठे, हाच आमचा रोजचा प्रश्न.

एकदा एक डिस्क बंद पडली आणि तिच्यातलं एक अख्खं लग्न गेलं. नवरीचे वडील आले, भांडले नाहीत, नुसते पायरीवर बसून राहिले. त्यानंतर दादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, घरी ठेवायला एक डबा आणला. त्याला नॅस म्हणतात, आम्ही डबाच म्हणतो. डबा रिकामा येतो, दोन हार्ड डिस्क आपण निवडून घालायच्या. मग घरातून, स्टुडिओतून, कुठूनही शूटिंग उघडता येतं.

"डिस्क तू आण," दादा म्हणाले. "आणि ऐक गो, माझी भाची कॉम्प्युटरचं शिकून बसलीय घरी. डबा जिला जमंल ती ऱ्हाईल."

राहील म्हणजे नोकरीत. दोघींना पुरेल एवढं काम नव्हतं, हे मलाही दिसत होतं. आणि गावी माय स्थळ बघूनच बसलेली.

अशी मी ताईंसमोर उभी राहिले. "सगळ्यात मोठी द्या. स्वस्तातली."

"काय हरवलं तर रडशील?"

"माझं काही नाही हो. दादांचं आहे."

"मग दादा काय हरवलं तर रडतील?"

"ते नाही रडणार. मला रडवतील."

ताई एवढ्या हसल्या की आतून दुकानाच्या मालकांनी डोकावून पाहिलं. मग त्यांनी मी बोट दाखवलेली स्वस्त डिस्क उचलली. "तुझ्या घरावर कौलं आहेत?"

"होती. आता पत्रे."

"मधलंच एक कौल बदलायचं असलं तर?"

"त्याच्यावर चढलेली सगळी उचलावी लागतात."

"झालं! हिच्यातही तसंच लिहितात, एकावर एक चढवून. एकदा भरून कपाटात ठेवायची असेल तर सोन्यासारखी आहे. पण डब्यात सारखी उचलाउचल, तिथे दमते बिचारी. तुला ही दुसरी."

मला शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर! मी म्हटलं, "बरं, तसल्या दोन द्या."

"एकच देईन." ताईंनी आवाज खाली आणला. "दुसरी कल्याणला घे. एका पेटीतल्या दोघी म्हणजे जुळ्या बहिणी, एकीला ताप आला की दुसरी लगेच फणफणते. आणि हळू बोल, मालक आत आहेत. मी गिऱ्हाईक घालवतेय त्यांचं." जाताना हाक मारून म्हणाल्या, "दोन्हींवर सारखंच उतरतं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. तो आरसा आहे. चुकून पुसलंस तर आरशातलंही गेलं. तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेव."

डबा लागला, चालला, तिसरी प्रत तेवढी राहून गेली. दादा खूश. मी मात्र नंतर उगाचच नौपाड्यात जायला लागले. कधी केबलचं निमित्त, कधी तेही नाही. आणि तिथेच माझं बिनसलं.

कारण ताई सगळ्यांशी तशाच बोलायच्या. एका आजोबांना नातवाचे फोटो ठेवायचे होते. त्यांनाही "काय हरवलं तर रडाल?" आजोबा बापडे खरंच रडले, आणि ताईंनी त्यांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी बाजूला उभी राहून मनात म्हणतेय, आजोबा, आटपा आता. एका कॉलेजच्या मुलीला त्यांनी आपल्या जेवणाच्या डब्यातली मेथीची भाजी दिली. मला कधी दिली नव्हती. त्या मुलीचे कानातले मला आजही आठवतात, इतक्या रागाने मी बघत होते.

बरं, मत्सर तेवढ्यावर थांबला असता तर! संध्याकाळी ताईंच्या आईचा फोन यायचा. खडवलीला घर त्यांचं. "निघते गं आई, डाळ नको लावूस, मी येते." पाठीमागे भाऊ ओरडतोय, कुकर वाजतोय. ताई म्हणायच्या, "वैताग आहे नुसता. बाथरूमला नंबर लागतो घरात." मी मान डोलवायचे. मला तो वैताग हवा होता.

आणि मग भाची आली. वाईट असती तर बरं झालं असतं. हसरी, मला "दीदी" म्हणणारी. इंग्रजी व्हिडिओ बघून डब्याविषयी असं काही बोलायची की मला माझा माउससुद्धा परका वाटायचा.

एक दिवस दुपारी आम्ही दोघी दादांच्या घरी काम करत असताना डबा ओरडायला लागला. टीं टीं टीं, थांबेच ना. दादा बदलापूरला शूटिंगवर, फोन उचलत नाहीत. लॅपटॉपवर दिसत होतं की एक डिस्क जाते आहे. तिचा लांबलचक नंबर होता, पण ती डावी की उजवी, ते काही कळेना. भाचीने डावीला हात घातला. "दीदी, ही काढते."

"अगं, चांगलीच निघाली तर? सगळ्या हळदी जातील!"

"मग ताईंना विचारू." तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला.

केबल आणायला मीच एकदा तिला नौपाड्यात पाठवलेली, आणि आता तिच्याकडे ताईंचा नंबर होता. माझ्याकडे फक्त दुकानाचा. डबा कोकलतोय, लोकांची लग्नं टांगणीला लागलीत, आणि माझ्या डोक्यात एवढंच, हिला नंबर दिला!

"ताई, एक डिस्क गेली. कुठली काढू?"

"मला काय विचारतेस? तुमची ती किनवटची आहे ना तिथे? तिला विचार. ती घाबरट आहे, तिने लिहून ठेवलं असेल. तुला किती वेळा सांगितलं गं, अडलीस की आधी तिला विचारायचं म्हणून."

भाची माझ्याकडे बघायला लागली. मी लिहून ठेवलेलं होतं. दोन्ही खणांवर पट्टी चिकटवून, त्यावर डिस्कचा नंबर आणि कुठून आणली ते. वाकून वाचलं. उजवी जात होती. उजवीवर लिहिलेलं, नौपाडा.

माझा चेहरा उतरला. कल्याणची धडधाकट, आणि माझ्या ताईंची गेली! मी फोनवर जवळजवळ माफीच मागितली.

"अगं वेडे," ताई हसत होत्या, "दोन्ही माझ्याकडच्या नाहीत म्हणून वाचलात. काढ ती उजवी. तूच काढ."

मी काढली. टीं टीं थांबलं. उरलेल्या डिस्कवर सगळी लग्नं जागच्या जागी होती. भाचीने मला मिठी मारली आणि रात्री दादांना तिनेच सांगितलं, "मामा, डबा दीदीकडेच ठेवा. मी बाहेर बघते." आता ती ठाण्यात नोकरीला आहे. मला अजूनही दीदी म्हणते.

गॅरंटीत बदलून घ्यायला ती डिस्क पिशवीत घालून नौपाड्यात गेले, तर दुकानाचा बोर्ड उतरवलेला. मालकांनी जागा भाड्याने दिली होती. काउंटर तोच, काचेखाली चष्म्याच्या फ्रेमा मांडलेल्या. चष्मेवाला म्हणाला, "त्या मॅडम ना? नाशिकला गेल्या, घरच्यांना घेऊन."

मी भाचीकडून नंबर मागून घेतला. तोही मागताना जीव खाली-वर. परवा फोन लावला, तर एका पोरीने उचलला. "ताई गिऱ्हाइकाशी बोलतायत. थांबा हं जरा." जरासा तोरा होता आवाजात. कोण ही? ताईंचा फोन हिच्या हातात कसा?

थांबले. मग ताई आल्या. भावाचं लग्न ठरतंय म्हणाल्या.

ताई, त्या लग्नाचं एडिटिंग माझं. दादांकडून सुट्टी काढून येईन, पैशाचं नाव काढायचं नाही. तुमची आई मनासारखी नाचेपर्यंत गाणं लांबवीन. आणि ती फोन उचलणारी पोरगी शूटिंगमध्ये तुमच्या शेजारी उभी दिसली, तर तिला कापणार नाही. असं आत्ता तरी ठरवलंय.