साडभाऊ आणि अकरा मिलिमीटरचा बर्फ

बिघडलेलं यंत्र अशी वस्तू जगात नाहीच, असं मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमच्या भागात या नात्याला साडभाऊ म्हणतात, म्हणून मी त्यांना साडभाऊ म्हणतो आणि तेही मला साडभाऊच म्हणतात. वय अडुसष्ट. खिशात एरवी तीन स्क्रूड्रायव्हर, लग्नाला जाताना दोन. यंत्र बिघडत नसतं, त्याला समजून घेणारं कोणी भेटलेलं नसतं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. यंत्रासमोर त्याची निंदा केलेली त्यांना खपत नाही. एकदा मी आमच्या कूलरजवळ उभा राहून "आता हा भंगारात द्यावा" असं म्हणालो, तर त्यांनी मला दंडाला धरून अंगणात नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "असं त्याच्या तोंडावर कायले बोलता जी?"

कुठलीही वस्तू उघडली की तिचे स्क्रू ते परातीत मांडतात, घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे. पहिला काढलेला बाराच्या जागी, दुसरा एकच्या जागी, असे. ताईंच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, घरात पराती तीन आहेत. त्यांपैकी दोहोंत कायम स्क्रू असतात आणि तिसरी ताई अंथरुणाखाली लपवून ठेवतात. "यायची परात रिकामी झाली का सांगीन, मग पाहुने बोलावू," असं त्या माझ्या बायकोला फोनवर सांगतात. दुरुस्तीचा दर्जा म्हणाल तर मिश्र आहे. आमचं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दुरुस्त केलं, तेव्हापासून ते दिवसाला अकरा मिनिटं पुढे जाऊ लागलं. मी तक्रार केली, तर म्हणाले, "रोज अकराच ना? कधी दहा, कधी बारा तं नाही ना? मग घड्याळ पक्कं आहे. तुम्ही वजा करत जा." मी चार महिने वजा केले. चूक एकदाही झाली नाही, हे कबूल करायला हवं.

स्वतःपेक्षा यंत्राची काळजी जास्त, याचा दाखला म्हणजे आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडच्या रस्त्यावर बंद पडलेली एसटी. आम्ही दोघे यात्रेहून परतत होतो. गाडी थांबली, चालक उतरला, त्याच्यामागे साडभाऊ उतरले. वीस मिनिटांनी त्यांनी इंजिनात कुठेतरी बोट दाबलं, गाडी धडधडली, चालक आनंदाने जागेवर जाऊन बसला आणि कुणाचं लक्ष जायच्या आत गाडी साडभाऊंना खालीच ठेवून निघालीसुद्धा. मी ओरडून थांबवेपर्यंत आम्ही पाऊण किलोमीटर पुढे आलो होतो. ते धुळीतून घामाघूम होऊन चालत आले, तेव्हा मला वाटलं आता चालकाची खैर नाही. पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "पाहिलं का जी, एका दमात वेग उचलला तिनं!"

अशा माणसाने बुद्धविहाराच्या बैठकीत उभं राहून शब्द दिला, ही गोष्ट मला मुळीच आवडली नव्हती. बुद्धपौर्णिमेला आमच्या अर्जुनीच्या विहारात खीर होते आणि मग सरबत. मे महिना, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस, आणि चारशे तरी माणसं. दरवर्षी बर्फाची सिल्ली, म्हणजे मोठी लादी, गोंदियाहून सकाळच्या गाडीने येते, पोत्यात, धानाच्या भुशात गुंडाळून. येईपर्यंत निम्मी विरघळते आणि उरलेल्या निम्मीबरोबर भुसाही ग्लासात उतरतो. यंदा साडभाऊंच्या हाती गोंदियातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातली बर्फाची मशीन लागली होती, चौकोनी तुकडे पाडणारी. त्यांनी जाहीर केलं, "सिल्ली नाही. बर्फ गावातच होईल, इंच बाय इंच, बिनभुशाचा."

विहार समितीच्या अध्यक्षा निवृत्त शिक्षिका आहेत. सारं गाव त्यांना बाई म्हणतं आणि सारं गाव त्यांना घाबरतं. बाईंनी चष्मा काढला. "मागच्या वर्षी तुम्ही विहाराचा भोंगा दुरुस्त केला, तं वंदना सोडून त्याच्यात रेडिओ लागला. आता लोकं तहानलेले राहिले तं?"

साडभाऊंनी खिशातले स्क्रूड्रायव्हर चाचपले. मग म्हणाले, "तं त्या दिवसापासून मी कोनत्याच मशीनले हात लावनार नाही. सगळे पाने-स्क्रूड्रायव्हर विहारात आनून ठेवतो."

बैठकीत कोणी हसलं नाही. घरी जाताना ताईसुद्धा खूश दिसल्या नाहीत, आणि त्यांना तर दोन पराती परत मिळणार होत्या.

हातात सहा दिवस होते. मशीन त्यांच्या पडवीत बसवली. वर पाण्याची प्लास्टिकची टाकी, तिच्यातून मशीनमध्ये जाणारी नळी. पाणी भरण्यापासून साऱ्यात मी होतो, आणि मापांची वही माझ्याकडे होती. पहिला बर्फ पडला, तो मी पोलादी पट्टीने मोजला. हवा होता पंचवीस मिलिमीटर, निघाला अकरा. त्यातही मधोमध भोक. ग्लासात टाकला की चमचा फिरायच्या आत नाहीसा. साडभाऊ म्हणाले, लाजून राहिली आहे, नवी जागा आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी बर्फाची जाडी ठरवणारा स्क्रू दोन फेरे पिळला. चार तास मशीन घुमत राहिली आणि मग धाडकन सगळे तुकडे एकमेकांना चिकटून, पाटाएवढी एकच लादी खाली आली. वरून खरबरीत आणि आतून पोकळ. ताई दारातून म्हणाल्या, "सिल्लीच काढायची होती तं गोंदियाची काय वाईट होती?"

तिसऱ्या दिवशी त्यांना सुचलं की मशीन एसी हॉटेलातली आहे, तिला अर्जुनीचा उन्हाळा सोसत नसणार. घरातला एकमेव कूलर तिच्यासमोर लावला. ताई आणि नातू पदराने आणि पुठ्ठ्याने वारा घेत बसले. पडवीचं तापमान सात अंशांनी उतरलं, बर्फ अकराचा बारा झाला. त्या संध्याकाळी साडभाऊंनी पहिल्यांदाच जेवताना मशीनचा विषय काढला नाही. हात धुताना नुसतं म्हणाले, "बाई खरं बोलत होत्या का जी?" मी वही उघडून आकडे पुन्हा वाचले.

चौथ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर वही घेऊन बसले आणि बोटाने एकेक ओळ वाचली. "साडभाऊ, तुम्ही बर्फ मोजला, हवा मोजली, वेळ मोजली. पानी काऊन नाही मोजलं?" मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. मशीनकडची नळी काढून खाली लिटरचं माप धरलं. एक लिटर भरायला नऊ मिनिटं लागली. धार कसली, थेंबच ते. आम्ही टाकीचं झाकण काढलं आणि आत वाकून पाहिलं.

नळीच्या टाकीतल्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. चौपदरी, पांढऱ्या दोऱ्याने, दोन गाठी. आमच्या तलावाच्या पाण्यात गाळ असतो, म्हणून आमच्याकडे फडकं बांधल्याशिवाय कोणी पाणी भरत नाही. पहिल्याच दिवशी पाणी भरताना ते मीच बांधलं होतं. मशीनला काय काय केलं याची यादी मी बारीक अक्षरात केली होती, पण फडकं तिच्यात नव्हतं. ते बांधणं आमच्या घरांत काम म्हणून धरलंच जात नाही. आधीच चौपदरी, त्यात चार दिवसांत त्यावर गाळ बसून त्याचा पापड झाला होता.

साडभाऊंनी गाठी सोडल्या. गाठी कोणाच्या ते त्यांना ठाऊक होतं, दोन गाठी मारणारा दोन्ही घरांत मी एकटाच. त्यांनी फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं, जाडीचा स्क्रू दोन फेरे मागे घेतला आणि मशीनच्या पाठीवर थाप मारली. "जेवढं पानी भेटलं, तेवढ्याचाच बर्फ केला हिनं. इमानदार आहे बिचारी." मग गाळ थांबवायला त्यांनी नळी टाकीच्या तळापासून चार बोटं वर उचलून बसवली. दीड तासाने बर्फ पडला. चोवीस, पंचवीस, पंचवीस, पंचवीस. मी पुढे मोजायचं थांबलो.

दुपारी बाई पाहायला आल्या. एक तुकडा तळहातावर घेऊन त्यांनी विचारलं, "बिघाड काय होता?"

"पान्यात गाळ होता जी," साडभाऊ म्हणाले.

"गाळ नव्हता, फडकं होतं," मी म्हणालो. "मी बांधलं होतं."

बाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "खोटं बोलनारा आणि खरं बोलनारा, दोघंही पौर्णिमेले वाढायले या," एवढंच म्हणून त्या गेल्या.

पौर्णिमेला चारशे बावीस ग्लास सरबत गेलं. भुसा एकातही नव्हता. शेवटी पांढऱ्या कपड्यांतली गर्दी पांगली, तेव्हा बाईंनी पिशवीतून जुना मिक्सर काढून साडभाऊंपुढे टेबलावर ठेवला. "दोन महिने झाले, फिरत नाही. हात लावता का?"

साडभाऊंनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. मंडपाच्या सावलीत मिक्सर उलटा केला, डोळे बारीक केले, जवळ नेला, लांब नेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक दोनदा पत्र्यावरून घसरलं. बाई दुसरीकडे वळल्यावर ते माझ्याकडे झुकले.

"साडभाऊ, खाच दिसून राहिली का तुम्हाले? अलीकडे मले बारीक दिसत नाही जी."

मी ग्लास खाली ठेवला, त्यांचा हात धरला आणि टोक अलगद खाचेत नेऊन बसवलं. मग ते फिरवू लागले.