अर्ध्या मिलिमीटरचा कागद

कारखान्यात त्यांना सगळे कागदमामा म्हणायचे. बॅटरी चार्जरमधला इंडक्टर, म्हणजे विजेला एकदम उसळू न देणारं तांब्याचं वेटोळं, ते तीस वर्षं जुळवत आले होते. त्याच्या आतला काळा गाभा तीन-तीन पायांच्या दोन तुकड्यांचा असतो. तुकडे एकमेकांना घट्ट भिडवले, तर प्रवाह वाढताच गाभा हात टेकतो. म्हणून मधे फट ठेवायची. मामा ती फट कागदानं राखत. गाभ्याच्या तिन्ही पायांमधे जाईल असा एक कागद, अर्ध्या मिलिमीटरचा.

धाकटी बहीण नवरा गेल्यावर दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मामांनी स्वतःच्या लग्नाचा विषय गुंडाळून ठेवला, तो कायमचा. भाच्याला इंजिनियर केलं आणि मोठ्या साहेबांच्या मागे लागून आपल्याच कारखान्यात चिकटवलं. पहिल्याच दिवशी भाच्यानं बजावलं, "इथं मला सर म्हणायचं हं. मीही तुला तुम्ही म्हणणार." मामांना त्याचंसुद्धा कौतुक वाटलं. आता या वेड्या मायेला काय म्हणावं!

सरांनी नवा चार्जर डिझाइन केला. कॉम्प्युटरनं सांगितलं, गाभ्याचा मधला पाय एक मिलिमीटरनं आखूड हवा. पण तसे घासलेले गाभे वेळेवर आलेच नाहीत, साधेच आले. सर म्हणाले, "मग एक मिलिमीटरचा कागद घाला."

"अर्ध्याचा," मामा म्हणाले. "मधलाच पाय घासला तर फट एकच. कागद तिन्ही पायांत जातो. चुंबकाची वाट मधून जाते, कडेनं परत येते, म्हणजे फट दोनदा ओलांडते. अर्धा आणि अर्धा, झाला एक."

"ड्रॉइंगवर एक लिहिलंय ना? मग एक! तुमचे अंदाजपंचे पुरे झाले आता."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मामांनी दुप्पट जाड कागद कापले. मीटरवर इंडक्टरचा आकडा हवा त्याच्या निम्माच आला, तोही त्यांनी नेऊन दाखवला. सर म्हणाले, मीटर जुना झालाय.

महिन्याभरात चारशे चार्जर परत आले. आत प्रवाह नको तेवढा वरखाली झाला होता आणि स्विच भाजून निघाले होते. मोठ्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला.

जेवणाच्या सुट्टीत भाचा मामांच्या टेबलाशी स्टूल ओढून बसला. पुढ्यात टाइप केलेला कागद. त्यावर लिहिलं होतं, जुळणी कामगारानं स्वतःच्या मनानं चुकीच्या जाडीचा कागद वापरला.

"मामा, तुझ्या निवृत्तीला चारच महिने राहिलेत," तो हळूच म्हणाला. "माझं अख्खं आयुष्य पडलंय. आणि आईला यातलं काही कळू देऊ नकोस, ती हाय खाईल."

तुम्हीचा तू झाला होता. गरज पडली की नाती कशी झटक्यात आठवतात! तीस वर्षांत मामांचा एक गाभा परत आला नव्हता. तेवढंच त्यांनी कमावलं होतं, आणि तेच हा पोरगा मागत होता. त्यांनी सही केली.

मामांना उचलून खोकी बांधायला बसवलं. आठवड्यानं अर्ध्या मिलिमीटरचं सुधारित ड्रॉइंग लागलं. खाली सरांचं नाव होतं, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी बहिणीनं मामांचं ताट जरा आदळूनच ठेवलं.

"दादा, राहवत नाही म्हणून बोलते. नजर अधू झाली होती, तर सांगायचंस तरी! तुझ्या हलगर्जीपणापायी माझ्या लेकराची नोकरी जाता जाता वाचली."

तिला कुणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती. मामांनी भाच्याकडे पाहिलं. एक वाक्य, फक्त एक, तो आता तरी बोलेल असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

भाचा ताटातली नजर न उचलता म्हणाला, "जाऊ दे गं आई. वय झालंय मामाचं."

"किती मोठ्या मनाचं माझं पोर," असं म्हणत बहिणीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला.