मंगलनं दाखवलेली खूण

माझी मंगल शाळेत घालायच्या वयाची झाली तरी बोलत नव्हती, तिला ऐकूही येत नव्हतं. तिला वाचा यावी म्हणून मी दर जत्रेला देवीपुढं नवस बोलत आले होते. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मात्र माझं मन विटलं. विहिरी आटलेल्या, आम्ही दोघं नवरा-बायको शेवगावच्या रस्त्यावर खडी फोडायला जात होतो. देवी असती तर इतक्या वर्षांत तिनं एकदा तरी ऐकलं असतं, असं मनात येई. यंदा मी जत्रेला येणार नाही, असं मी सासूबाईंना, आमच्या आत्याबाईंना, सांगून टाकलं.

आत्याबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नवस नगं बोलूस. पोरीला पाळण्यात तरी बसवून आन."

वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं, तरी जत्रा भरली होती. गोडीशेवेची दुकानं दरवर्षीपेक्षा थोडी, पण लागली होती. फडावर कुस्त्यांची हलगी वाजत होती, प्यायचं पाणी बैलगाडीवरून टिपाडात आणलेलं होतं. मंगलला पाळण्यात बसवून आम्ही देवळाकडं वळलो, तेवढ्यात पालखी आली. गुलाल उधळला, माणसं पुढं रेटली आणि मंगलचा हात माझ्या हातातून सुटला.

गुलाल खाली बसला तेव्हा ती कुठंच नव्हती. मी तोंड उघडलं, पण हाक मारून उपयोग काय? तिला ती ऐकू जाणार नव्हती, आणि कुणी विचारलं तर स्वतःचं नावही सांगता येणार नव्हतं. कर्ण्यावरून पुकारा झाला. आमचे मालक कोरड्या बारवेत डोकावून आले. मी पालापालांतून फिरले आणि शेवटी देवळाच्या पायरीशी मटकन बसले. "आई, वाचा नको मला तिची. जशी होती तशी दे," एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्या वेळी मनात राग नव्हता, की अटही नव्हती.

कुणीतरी माझा खांदा हलवला. पागोटं बांधलेला एक परका माणूस होता. त्यानं माझ्या हनुवटीवरच्या गोंदणाकडं बोट केलं, मग माझ्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याकडं. नंतर कमरेएवढी उंची दाखवली आणि कानांपाशी दोन वेण्या. मी उठून त्याच्यामागं धावले.

मंगल कासाराच्या पालात बसली होती. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, गालांवर वाळलेले ओघळ. मला बघताच ती कमरेला बिलगली. कासारीणबाई म्हणाल्या, "ह्यो माजा भाऊ. त्यालाबी ऐकू येत न्हाई. पोर रडत हुती, तर जो त्यो तिला नावच इचारी. ह्यानं हातानं इचारलं, आई कशी दिसती? तिनं हनवटीवर तीन ठिपके दाखवले, अंगठ्याला माजा पदर गुंडाळून दाखवला. मग ह्यो निगाला तुमाला हुडकाया."

खडी फोडताना हातोडा लागून माझा अंगठा ठेचला होता. मी घरात कुणाला त्याबद्दल बोलले नव्हते. मंगलनं ते पाहिलं होतं, ध्यानात ठेवलं होतं आणि परक्या माणसाला नीट सांगितलंही होतं. माझी पोर बोलत होती. मलाच आजवर ते समजलं नव्हतं. मी त्या पालातच बसून रडले. कासारीणबाईंनी बांगड्यांचे पैसे घेतले नाहीत.

घरी परतताना मंगलनं माझा पदर ओढला. आधी पागोट्याची खूण केली, मग देवळाकडं बोट करून हात जोडले आणि माझ्या तोंडाकडं पाहत राहिली. तो माणूस देवळातला का, असं ती विचारत होती. मला नाही म्हणता आलं नाही.

पुढं ती भावंडं दर जत्रेला आमच्याकडंच उतरू लागली. त्या माणसाकडून आम्ही सगळेच हातांनी बोलायला शिकलो. आत्याबाई सगळ्यांत आधी शिकल्या, आणि आजी-नात मिळून माझ्यादेखत माझ्याच कागाळ्या करू लागल्या. मंगलचं लग्न झालं, पोरंबाळं झाली. तोंडानं ती आजही बोलत नाही.

देवीनं काय द्यावं आणि कसं द्यावं, हे मीच ठरवून तिच्यापुढं जात होते. ते ओझं त्या पायरीवर उतरलं, ते पुन्हा उचललं नाही. आता जत्रेला मी ओटी भरते आणि बाजूला होते. मंगल गाभाऱ्यापुढं उभी राहून दोन्ही हातांनी देवीला भराभर काहीतरी सांगत असते. तिचं सांगून होईपर्यंत मी थांबते.