धुळवडीचा कोंबडा
सुकं खोबरं भाजल्याचा वास आला की मला लग्नानंतरची, गुजरातमधल्या बाजव्यातली पहिली धुळवड आठवते. सासरची माणसं जेवायला येणार म्हणून नवऱ्याने आठ दिवस आधीच करजणच्या बाजारातून एक तांबडा कोंबडा आणला आणि क्वार्टरच्या गॅलरीत दोरीने बांधला. रिफायनरीतून दमून आलेला हा माणूस माझ्याशी दोन शब्द बोलायचा नाही, पण कोंबड्यापुढे उकिडवा बसून त्याला भिजवलेले हरभरे भरवायचा आणि विचारायचा, "आज ऊन फार लागलं का रे?" मला मात्र जेवलीस का, एवढंही कधी विचारलं नव्हतं. धुळवडीच्या सकाळी मी अशा काही उत्साहाने वाटण वाटलं की हात चुरचुरले. नवरा कोंबडा काखेत घेऊन खाटकाकडे गेला आणि तासाभराने कोंबड्यासकट परत आला. म्हणाला, "नाही जमलं गं. सारखा माझ्याकडे बघत होता." मी म्हणाले, "अहो, मीही आठ दिवस बघतेच आहे!" तेवढ्यात शेजारच्या गुजराती बेन धावत आल्या आणि "भाई तो भगवानना माणस छे!" म्हणून त्याचं कौतुक करून गेल्या. शेवटी माझ्या झणझणीत रश्श्यात बटाटे शिजले. पहिल्या घासालाच सासूबाईंनी विचारलं, "सूनबाई, कोंबडा कुठाय?" गॅलरीतून तो स्वतःच आरवला. हिला मुक्या जिवाची दया आली नाही, असं नवरा आजही सगळ्यांना सांगतो. दयेचं काय घेऊन बसलात? मला त्या कोंबड्याचा हेवा वाटत होता, आणि हे मी नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.