मनाच्या डॉक्टरकडे कॉपी

मानसोपचाराच्या दवाखान्यात कॉपी करताना पकडला गेलेला नाशिकमधला मी बहुधा एकमेव पेशंट आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. परभणीकडून येऊन मी इंदिरानगरला मावशीकडे राहायचो आणि सिन्नरच्या एका कारखान्यात प्रेस मशीन चालवायचो. हात मशीनमध्ये जाईल या धास्तीनं तीन आठवडे झोप नव्हती. मग एकदा भर शिफ्टमध्ये डुलकी लागली. सुपरवायझर म्हणाले, "मनाच्या डॉक्टरांना दाखव. त्यांचा कागद आणलास तर कामावर, नाहीतर गावाकडची गाडी धर."

गावाकडे तर वडील माझ्या नोकरीबद्दल पारावर भाषणं देत होते!

मावशी सोबत निघाली. कुणाला कळू नये म्हणून तिनं शेजारी सांगितलं, "ह्याची दाढ दुखतीये." (शेजारणीनं लवंग दिली. ती मी इमानदारीत वाटभर चघळली.)

दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंनी हातात चार पानी फॉर्म ठेवला. "मनात येईल ते लिहा. यात बरोबर-चूक काही नसतं."

आठवीच्या परीक्षेत सरही असंच गोड बोलले होते, आणि तिथंच माझी शाळा संपली होती.

"मावशे, नापास झालो तर कागद मिळायचा नाही."

मावशीनं हॉल न्याहाळला. शेजारी जाड चष्म्याचे एक आजोबा भराभर लिहीत होते. ती कुजबुजली, "शिकलेले दिसतात. बघून लिही. बाई आली की मी खोकते."

मी उतरवायला लागलो. दुसऱ्या पानावर मावशी खोकली. इतकी मन लावून खोकली, की दोघं जण पाणी घेऊन धावले आणि मागोमाग बाईही आल्या. मी घाईघाईत उरलेलं न वाचताच उतरवलं.

आत डॉक्टरबाईंनी फॉर्म पाहिला, मग मला पाहिलं.

"वय?"

"तेवीस."

"लग्नाला बत्तीस वर्षं झाली?"

मी छताकडे बघितलं.

"आणि सुनेशी पटत नाही?"

मावशी लगेच म्हणाली, "सून यायचीये अजून, पण पटणार नाहीच. ह्याच्या आईचा स्वभाव मला ठाऊक आहे ना, डॉक्टर."

डॉक्टरबाईंनी फॉर्म उलटा ठेवला. "हा कुणाचा बघून लिहिलाय, ते मी विचारत नाही. मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा. आणि तुम्ही तोंडी सांगा. कुठूनही सुरुवात करा."

मी मशीनपासून सुरुवात केली आणि आईपर्यंत पोचलो. पाऊण तास बोललो. त्यांनी ना सुई टोचली, ना वेडा म्हटलं. "हे बरं होतं," म्हणाल्या, "पण एका भेटीत नाही. दर पंधरा दिवसांनी यायचं, गोळी वेळेवर घ्यायची आणि मनातलं बोलायचं." कागदही दिला: काही दिवस मशीन नको, पॅकिंगचं काम द्यावं. नोकरी वाचली. त्या बाईंचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

तीन महिन्यांत असा बरा झालो, की एका सकाळी कामावर जाताना बसमध्ये डोळा लागला, सिन्नर कधी मागे पडलं कळलंच नाही, आणि कंडक्टरनं हलवून उठवलं तेव्हा मी संगमनेरच्या स्टँडवर तोंड उघडं टाकून घोरत होतो.